सुराआधीचं टक्

"सुराच्या आधी टक् होतंय, सर," असं टेस्टिंगवाली म्हणाली आणि हेडफोन टेबलावर ठेवून डबा खायला निघून गेली. झालं ते एवढंच. काही जळलं नाही, फ्यूज उडाला नाही, कुणी कुणावर ओरडलं नाही. ती या आठवड्यातच कामाला लागलेली, जरा आगाऊ पण कामाला चोख अशी पोरगी. जाता जाता दारातून वळून तिनं हेही सांगितलं की ते टक् मुद्दामच ठेवलं असेल असं तिला वाटलं होतं, सूर येतोय हे माणसाला कळावं म्हणून. ती तर सूरबीर ऐकतच नव्हती, टक् झालं की बटण दाबत होती आणि सगळे बरोबर येत होते, अगदी हळूतला हळू सूरसुद्धा. आपले कान सोन्याचे निघाले म्हणून ती हसली. तोही हसला. खरं तर पहिल्यांदा त्याला रागच आला होता, आली मोठी शहाणी असं काहीतरी मनात येऊन गेलं होतं. मग चहाचा कप ओठांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. सगळे बरोबर येतात. हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, स्वतःच म्हटलं होतं, याच हॉलमध्ये, याच टेबलापाशी, बायकोच्या तोंडावर. कप खाली ठेवताना थोडा चहा बशीत सांडला आणि बराच वेळ तो त्या बशीकडेच बघत बसला.

आता त्याचं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर एका टक्पायी माणूस एवढा कशाला हादरला असं वाटेल. टाइल्सच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे, त्यात पाच-सहा माणसं कान तपासायचं यंत्र बनवतात. माणसाला हेडफोन घालून बसवायचं, यंत्रानं मोठे-हळू, उंच पट्टीचे, खालच्या पट्टीचे सूर सोडायचे, ऐकू आला की माणसानं बटण दाबायचं, आणि शेवटी पडद्यावर आलेख उमटतो की याला कुठवर ऐकू येतं आणि कुठून पुढे काहीच नाही. यंत्र अजून बाजारात गेलेलं नव्हतं. मालक दुसरी कामं घेत राहायचे आणि हे मागे पडत राहायचं. त्यातला सूर काढायचा प्रोग्राम याचा. तो सूर एका बोर्डातून निघतो, आणि त्या बोर्डाची गंमत अशी की प्रोसेसरला तो वेगळा काही आहे हे माहीतच नसतं. त्याच्या लेखी ती मेमरीतली दोन-तीन घरं. तो बिचारा नेहमीसारखा आकडा लिहून ठेवायला जातो, आणि तिथे ठेवायला जागाच नसते. आकडा व्होल्टेज होऊन तारेत जातो, तारेतून हेडफोनात आणि हेडफोनातून कुणाच्या तरी कानात. परत वाचायला गेलं तर हाती काही लागत नाही. एकदा लिहिलं ते गेलं. सुरुवातीला त्याला याचं फार अप्रूप वाटायचं. बायकोलाही त्यानं एकदा समजावून सांगितलं होतं, आणि ती शिवत असलेला पडदा मांडीवर ठेवून म्हणाली होती की तुझंही असंच आहे, तुला काही सांगितलं की तिथे राहत नाही.

तर आकडा मोठा आणि घर लहान, म्हणून तो दोन तुकड्यांत पाठवावा लागतो. आधी वरचा तुकडा एका घरात, मग खालचा तुकडा दुसऱ्या घरात. तिसरंही एक घर असतं: तिथे काहीही लिहिलं की दोन्ही तुकडे एकदम बाहेर सुटतात. ते वापरायचं की नाही ही ज्याची त्याची मर्जी. त्यानं नव्हतं वापरलं. दोन ओळींच्या मध्ये वेळ तो कितीसा जातो, पातंसुद्धा लवत नाही, कशाला उगाच सोपस्कार. आणि ते तेव्हा खरंही होतं. पुढे केव्हातरी मालक हात धुऊन मागे लागले की बटण दाबलेलं पटकन कळलं पाहिजे, तेव्हा त्यानं बटण बघायचं काम नेऊन घातलं ते सूर सुरू करणाऱ्या त्या दोन ओळींच्या बरोबर मध्ये. म्हणजे वरचा तुकडा गेला की प्रोग्राम बटणाकडे फिरून यायचा, आणि मग खालचा. तेवढ्या वेळात बोर्डावर जो आकडा उभा राहायचा तो ना जुना, ना नवा, कुणाच्याच घरचा नाही. आणि शांतता म्हणजे या बोर्डात शून्य नव्हे. शांतता मधोमध असते, आणि नेमका तिथेच वरचा तुकडा बदलतो. शांततेतून सुरात पाऊल टाकलं की आकडा मोडलाच, हेडफोनाला धक्का बसलाच. सूर केवढाही असो, धक्का तेवढाच.

हे त्याला तारेतली लाट दाखवणारा स्कोप लावायच्या आधीच कळलं होतं, पण त्यानं स्कोप लावला. हात कामाला लागले की मन जरा दम धरतं, म्हणून लावला. पडद्यावर सुराची लाट उठायच्या आधी एक काटा ताठ उभा होता. त्यानं आवाज कमी केला, आणखी कमी केला, लाट बारीक होत होत रेषेत मिसळून गेली. काटा जिथल्या तिथे. मग त्यानं हेडफोन कानाला लावले आणि टक् ऐकलं. ऐकताच ओळखलं, कारण वर्षभर तो ते ऐकतच होता. हेडफोनच्या पिनेचा आवाज असेल, जुनी पिन आहे, असं समजून त्याच्या कानांनी ते केव्हाच वजा करून टाकलं होतं, घरातल्या घड्याळाची टिकटिक आपण वजा करतो तसं. हॉलमधल्या सगळ्यांनी तेच केलं असणार. ज्याला सूर ऐकू येतो त्याला टक्चं काय कौतुक? त्यानं हेडफोन काढले आणि हॉलच्या कोपऱ्यातल्या त्या प्लायवूडच्या खोक्याकडे बघितलं. आतून फोम लावलेला, एका बाजूला काच, हॉलमधले लोक त्याला कपाट म्हणतात. आत एक उंच स्टूल. वर्षापूर्वी त्या स्टुलावर भिंगरी बसली होती.

भिंगरी त्याची मुलगी. हे नाव त्यानंच ठेवलेलं, उभी राहायला लागली तशी पोर स्वतःभोवती गरागरा फिरायची म्हणून. खरं नाव कागदावरच राहिलं. बायकोला पहिल्यांदा शंका आली तेव्हा भिंगरीला तिसरं संपत होतं आणि ती एक शब्द बोलत नव्हती. बायको घरी शिवणकाम करते, पडदे, अभ्रे, लोकांचे कपडे सैल करणं, घट्ट करणं. मशीन सुरू झालं की भिंगरी धावत येऊन फळीवर तळहात टेकून उभी राहायची. त्याला वाटायचं, पोरीला मशीनचा आवाज आवडतो. बायकोनं एक दिवस जेवताना शांतपणे सांगितलं की ती आवाजानं येत नाही. फरशीवर खेळत असली तर येते, गादीवर असली तर येत नाही. पाठीमागे पातेलं पाडून बघितलं. फरशीवर होती तेव्हा वळली, पलंगावर होती तेव्हा मान हलवली नाही. त्यावर हा काय म्हणाला असेल? "आता पोरीवर प्रयोग करायला लागलीस?" असं म्हणाला आणि भात वाढून घेतला. ते पातेलं त्याला आज दिसत होतं, ॲल्युमिनियमचं, एका बाजूला पोचा आलेलं. त्या पोच्याचं कारण त्यानं कधी विचारलंच नव्हतं. बायकोनं ते किती वेळा पाडलं असेल, किती वेळा त्या छोट्या मानेकडे बघत श्वास धरून उभी राहिली असेल, आणि मग वाकून ते उचलून परत ओट्यावर ठेवलं असेल.

त्याच्याकडे उत्तरं तयार होती. त्याच्या आईनं सांगितलं होतं की तूसुद्धा चार सरेपर्यंत तोंडात गुळणी धरून बसला होतास आणि मग सुटलास तो थांबेनास. पोर माझ्यावर गेलीय, हट्टी आहे, ऐकू येतं पण मनावर घेत नाही. हे तो ज्याला त्याला हौसेनं सांगायचा. पण खरं कारण हे नव्हतंच. कान तपासायच्या यंत्रावर ज्याचं पोट, त्याच्याच घरात बहिरी पोर, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. लोक काय म्हणतील, मालक काय म्हणतील, एवढंसुद्धा नाही. नुसती ती कल्पनाच. आज जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या झालेल्या त्या हॉलमध्ये ते कारण त्याला उघडंनागडं दिसलं आणि स्वतःची इतकी किळस आली की तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली दुकानाच्या दारात दोघेजण टाइल्सच्या पेट्या उतरवत होते, आणि प्रत्येक पेटी टेकली की वरची काच हलकीशी थरथरायची. त्यानं नकळत काचेवर बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

बायकोनं कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. यानं सांगितलं, घरचं यंत्र असताना बाहेर कशाला? सुट्टीच्या दिवशी तिघं इथे आले. हॉल रिकामा, भिंगरी टेबलांमधून नुसती पळत सुटलेली. त्यानं तिला स्टुलावर बसवलं, हेडफोन अगदी आत ओढून घट्ट केले, हातात बटण दिलं, आणि दाबायचं कसं ते खेळ करून दाखवलं. तिनं दाबलं की काचेतून हसायचं, हात उंचावून नाचायचं. पोर चलाख. दोन-तीनदा चुकली आणि मग जी सुरू झाली ती थांबली नाही. मोठा सूर, दाबलं. हळू सूर, दाबलं. त्याहून हळू, दाबलं. पडद्यावर आलेख वरच्या कडेला चिकटून सरळ चालला होता. इतका सरळ आलेख त्यानं तोवर कुणाचाच पाहिला नव्हता, आणि जिथे शंका यायला हवी तिथे या गृहस्थाला अभिमान वाटला. बायको बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग तिनं एवढंच विचारलं, की मग हाक मारल्यावर वळत का नाही? "सगळे बरोबर आलेत," तो म्हणाला. "आता तरी विश्वास ठेव. यंत्राला काय, आपली पोर आहे म्हणून खोटं बोलायचंय?"

डॉक्टरांची वेळ रद्द केली ती यानंच, फोन करून, हसत हसत. त्या आठवड्यात कधीतरी कपड्यांच्या घड्या घालताना बायको स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली की मग माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलं असणार. रागानं नव्हे, टोमणा म्हणूनही नव्हे. तिला ते खरंच वाटायला लागलं होतं, आणि त्यानं तिला ते वाटू दिलं. नातेवाईक जमले की हा किस्सा रंगवून सांगायचा: हिची पातेलंपाडू तपासणी आणि माझं यंत्र. सगळे हसायचे, तीही हसायची. हळूहळू तिनं तो विषय सोडला, आणि मग बाकीचंही बरंच बोलणं सोडलं. भिंगरीशी मात्र ती हातांनी बोलायची. पाणी, झोप, बाहेर. बाबा म्हणजे डोळ्यांभोवती बोटांची गोल कडी, चष्म्याची. एकदा त्यानं ते पाहिलं आणि तो उखडला. हातवारे करत बसलीस तर ती बोलेल कशाला, तूच तिला मुकी करून ठेवशील, असं म्हणाला. मुकी हा शब्द त्यानं वापरला होता. त्यानंतर मायलेकींचे हात तो घरात आला की थांबायचे. त्याला वाटलं, चला, सवय सुटली. आता त्याला कळत होतं की त्यांनी ते फक्त त्याच्या पाठीमागे सुरू ठेवलं होतं, आणि ठेवलं म्हणूनच पोरीकडे निदान मूठभर शब्द तरी होते.

टेस्टिंगवाली डबा खाऊन आली तेव्हा तो मागच्या जिन्यात बसला होता. जिन्यात फिनेलचा वास होता आणि भिंतीला टेकवलेल्या लांब पुठ्ठ्यांच्या पेट्या. तिथे बसून तो स्वतःशी घासाघीस करत होता. टक्ही ऐकू आलं असेल आणि सूरही ऐकू आला असेल, दोन्ही असू शकतं की. परवा दारावरची बेल वाजली तेव्हा भिंगरी सगळ्यांत आधी धावली होती. हो, पण त्याआधी बायको उठली होती. दार धाडकन आपटलं तेव्हा ती दचकली होती. दार आपटलं की आख्खी भिंत हलते. झोपेत असताना त्यानं कानाशी नाव घेतलं होतं आणि ती हसली होती. त्याचा श्वास गालाला लागला असेल. एकेक पुरावा उचलायचा आणि तो हातातच भुगा व्हायचा. शेवटी पुरावे संपले. त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं, डोकं गुडघ्यांवर टेकवलं आणि तोंडानं हवा ओढत राहिला. यंत्राबरोबर द्यायचं माहितीपत्रक त्यानंच लिहून दिलं होतं. पोर बोलायला शिकते ती पहिल्या चार-पाच वर्षांत. त्या वर्षांत कानावर शब्द पडले तर पडले, पुढे फार जड जातं. एकेक महिना मोलाचा, हे वाक्य त्याचं होतं, मालकांना फार आवडलं होतं, त्यांनी ते मोठ्या अक्षरांत घ्यायला सांगितलं होतं. भिंगरीला चौथं संपून वर काही महिने झाले होते. म्हणजे जे वर्ष गेलं ते कुठलं तरी एक वर्ष नव्हतं, तेच वर्ष गेलं होतं. आणि ते कुणी चोरलं नव्हतं, बापानं घालवलं होतं, डोळ्यांदेखत, यंत्राची फुशारकी मारत.

दुरुस्तीला वेळ लागलाच नाही, आणि हेच त्याला सगळ्यांत असह्य झालं. बटण बघायचं काम तिथून उचलून खाली टाकलं, दोन्ही तुकडे पाठवून झाल्यावर तिसऱ्या घरात एक आकडा लिहिला, संपलं. स्कोपवर लाट आता गुपचूप, कडेकडेनं चढत होती, तिच्या आधी काटाबिटा काही नाही. टेस्टिंगवालीनं हेडफोन लावले, डोळे मिटले, आणि हळू सुरांना तिचं बटण थबकायला लागलं. आपले कान सोन्याचे नाहीत तर, असं म्हणून ती खट्टू झाल्याचं सोंग करत होती. मालक येऊन पाठीवर थाप मारून गेले. ते त्याला प्रोफेसर म्हणतात. "प्रोफेसर, मग आता काढू या ना बाहेर हे धूड?" असं म्हणाले, आणि त्यानं मान हलवली. कसली हलवली, होकाराची की नकाराची, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. आत्ताच्या आत्ता पळून जावं, बस पकडावी आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहावं असं त्याला वाटत होतं. किंवा काहीच बोलू नये. चूक दुरुस्त झाली आहे, कुणाला कळणार आहे? चार दिवसांनी आपण होऊनच म्हणावं, एकदा डॉक्टरांना दाखवून तर येऊ, उगाच शंका नको. बायको हो म्हणेल. तिला कधीच कळणार नाही. हा विचार इतका सहज आला, इतका गोंडस होता, की त्याला त्याचीच भीती वाटली. तो मुकाट्यानं फोनपाशी गेला.

त्यानं भिंगरीला घेऊन इथे ये असं सांगितलं. तिकडे शिवणयंत्र चालू होतं ते थांबलं. बायकोनं का म्हणून विचारलं. पुन्हा एकदा तपासू, असं तो म्हणाला. मग बस मिळाली की निघते म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिनं आणखी काहीच विचारलं नाही, यावरून त्याला कळलं की तिचा तो विश्वास बिश्वास सगळा वरवरचा होता, आत कुठेतरी ती या फोनची वाटच बघत होती.

त्या आल्या तेव्हा हॉलमधली माणसं घरी जायची आवराआवर करत होती. भिंगरीनं जिना चढतानाच त्याला पाहिलं आणि त्याच्या पायांना मिठी मारली. टेस्टिंगवालीनं तिला बिस्कीट देऊन आत नेलं. त्यानं बायकोला जिन्याच्या तोंडाशीच थांबवलं, कारण आत गेल्यावर आपला धीर सुटेल हे त्याला माहीत होतं.

"मागच्या वेळचं खोटं होतं," तो म्हणाला. "सुराच्या आधी टक् होऊन हेडफोनला एक धक्का बसत होता. ती त्या धक्क्यावर बटण दाबत होती. चूक माझी आहे. माझ्या प्रोग्रामची, म्हणजे माझीच."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या पदराला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता.

"म्हणजे मी वेडी नव्हते," ती म्हणाली.

"नाही, नव्हतीस," तो म्हणाला. ती ओरडेल म्हणून तो थांबला, तिनं ओरडावं, चारचौघांत त्याची लाज काढावी, थोबाडीत मारावी, काहीही करावं असं त्याला मनापासून वाटत होतं. ती आत गेली, भिंगरीच्या तोंडाला लागलेला बिस्किटाचा चुरा पदरानं पुसला, हेडफोन बसावेत म्हणून तिच्या केसांतला चाप काढून स्वतःच्या तोंडात धरला, आणि हातानंच लाव अशी खूण केली.

भिंगरीनं स्टूल ओळखलं. खेळ ओळखला. ऐटीत बसली, अंगठा बटणावर, डोळे काचेपलीकडे त्याच्यावर. त्यानं पहिला सूर सोडला. ती बघत राहिली. त्यानं आवाज वाढवला. ती बघत राहिली, जरा पुढे वाकली, सुरू कर ना आता, असं म्हणाल्यासारखी. पट्टी बदलली, आवाज वाढवला, पुन्हा वाढवला. पडद्यावर एकामागून एक जागा रिकामी जात होती. शेवटचा सूर इतका मोठा होता की फोममधून, काचेतून तो बाहेर झिरपायला लागला आणि टेस्टिंगवालीनं स्वतःच्या कानांवर हात नेले. आणि ज्या डोक्याला ते हेडफोन लावलेले होते ते खाली वाकून चपलेचा पट्टा न्याहाळत होतं. त्यानं सूर बंद केला. मग भिंगरीनं वर पाहिलं, त्याचा चेहरा पाहिला, आणि काहीच चालू नसताना बटण दाबलं. थांबून पाहिलं. पुन्हा दाबलं. तिला सुराचं काही माहीत नव्हतं, तिला एवढंच माहीत होतं की हे दाबलं की बाबा खूश होतो, आणि आज बाबा खूश होत नव्हता. ती दाबत राहिली, अंगठा पांढरा पडेपर्यंत. त्याच्या डोळ्यांपुढे काच धूसर झाली.

"परत लाव," बायको म्हणाली. चाप तिनं तोंडातून काढून मुठीत धरला होता. त्यानं परत लावलं. अजून मोठा कर, ती म्हणाली. यापुढे यंत्रात आवाजच नाही, असं त्यानं सांगितलं. जी बाई पोरीला ऐकू येत नाही म्हणून आधी जीव तोडून सांगत होती, जिला सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं, ती आता पडद्यावरच्या रिकाम्या जागांकडे अशी बघत होती की कुणीतरी तिला खोटं पाडावं, कसंही करून खोटं पाडावं. मालक दारात येऊन उभे राहिले होते ते परत गेले. टेस्टिंगवाली टेबलाची धार नखानं खरवडत होती.

"ते टक् लाव," बायको म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही.

"मागच्या वेळी होतं ते. ते लाव."

"अगं, तो आवाज नाही. ती चूक आहे नुसती. कदाचित तिला ते ऐकूही येत नसेल, कातडीला धक्का कळत असेल, बस."

"असू दे. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, ते काय म्हणायचं ते म्हणतील. तिच्यापर्यंत तेवढंच पोचतंय ना? मग तेवढं तरी लाव."

तो बसला. दोनदा चुकीची अक्षरं पडली. तिसऱ्या घराची ओळ त्यानं खोडली. बटणाचं काम उचलून परत त्या दोन ओळींच्या मध्ये आणून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो समजून उमजून चूक करत होता, आणि ती नीट व्हावी म्हणून एकेक अक्षर तपासत होता. बायको खुर्चीची पाठ धरून मागे उभी होती, तिचा श्वास त्याच्या मानेला लागत होता. त्यानं सूर अगदी हळू केला, स्वतःलाही ऐकू येणार नाही इतका हळू, आणि सोडला.

भिंगरीची पाठ ताठ झाली. तिनं दाबलं. बायकोच्या तोंडून हुंदका फुटला आणि ती म्हणाली, "अजून." त्यानं पुन्हा सोडलं, भिंगरीनं पुन्हा दाबलं. अजून, बायको म्हणाली, अजून, आणि तो सोडत राहिला, मोडका आकडा, पुन्हा मोडका आकडा, आणि दरवेळी ते एवढंसं अंग स्टुलावर उसळायचं आणि अंगठा खाली जायचा. भिंगरी आता खदखदून हसत होती. हसताना तिच्या तोंडून एक जाडाभरडा आवाज यायचा, जो तिनं स्वतः कधी ऐकला नव्हता. तिनं मान वर करून काचेतून त्याच्याकडे बघितलं, काहीतरी हवं म्हणून. त्यानं दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवल्या, जोरात, तळहात झोंबेपर्यंत. मध्ये काच होती, फोम होता, तिच्या कानांवर हेडफोन होते, पण तिचं त्यावाचून काही अडलं नाही. तिला टाळ्या नेहमी दिसायच्या तेवढ्या दिसत होत्या.